कोट घातलेला दांडा

टेलरमास्तरांच्या नावावर आयुष्यात एकच चोरी आहे, आणि ती त्यांनी केलेली नाही. ती त्यांच्या बायकोने केली. भर दुपारी, चारचौघांदेखत, "जरा हात लावता का हो, जड आहे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत केली. पुढे ती गेली आणि चोरी मागे राहिली. माणूस गेलं की त्याची दुखणी संपतात, त्याने घरात आणून ठेवलेल्या वस्तू संपत नाहीत.

मास्तर पहिल्यापासून भित्रे. घरात भ्यायचं काम त्यांच्याकडे आणि निस्तरायचं काम तिच्याकडे, अशी सरळ वाटणी होती. बेल वाजली की ते आतल्या खोलीत जायचे आणि ती दार उघडायची. सरकारी पाकीट आलं की ते नुसतं हातात धरायचे आणि ती फोडायची. ती गेल्यावर विजेचं मीटर त्यांच्या नावावर झालं, गॅस त्यांच्या नावावर झाला आणि बेलसुद्धा त्यांच्याच नावावर झाली. वर्ष होत आलं, तरी बेल वाजली की ते अजून क्षणभर थांबायचे, कोणीतरी उघडेल म्हणून.

त्या दिवशी बेल वाजली तेव्हाही थांबले. मग उघडलं. दारात बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब, गुडघ्यापर्यंत चिखलात. मागे शेजारच्या नर्सबाई, त्याही चिखलात. दोघांच्याही चेहऱ्यावर असा आनंद की मास्तरांना वाटलं, काहीतरी भयंकर झालंय.

"मास्तर, शिलाई मशीन चालू आहे ना?"

"आहे. का?"

"पोती शिवायची आहेत."

मास्तरांनी जन्मभर कोट शिवले होते. गावातल्या निम्म्या नवरदेवांचे खांदे त्यांनी सरळ केले होते, कित्येकांची पोटं आत घेतली होती. अशा माणसाला पोती शिवायला सांगणं म्हणजे सर्जनला भाजी चिरायला सांगण्यासारखं. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण द्यायची त्यांना भीती वाटायची. ते "हो" म्हणाले.

प्रकरण असं होतं. मास्तरांच्या मागच्या दाराबाहेर एक कालवा आहे. कालवा म्हणजे नुसता खड्डा, कारण त्यात पाणी नाही. एके काळी नदीचं पाणी या कालव्यातून खालच्या पाणचक्कीला जायचं आणि चक्की सगळ्या गावाचं पीठ दळायची. चक्की बंद पडली, कालवा आटला, आणि काठावरच्या घरांनी तो हळूहळू आपापसात वाटून घेतला. कोणी त्यात स्कूटर ठेवली, कोणी कपडे वाळत घालायच्या तारा बांधल्या. मास्तरांच्या बायकोने गाळाची माती बघून द्राक्षाचा वेल लावला. आणि आता मॅनेजरसाहेब, नर्सबाई आणि त्यांची मंडळी सुट्टीच्या दिवशी खोरीफावडी घेऊन हा कालवा साफ करत होती. पाणी परत आणायचं, चक्की फिरवायची. काठाला पडलेली भगदाडं बुजवायला वाळूची पोती हवी होती.

मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब केला. पाणी येणार म्हणजे वेल जाणार. बाकी तिचं घरात काय राहिलं होतं? साड्या मुलगी घेऊन गेली, चष्मा मास्तरांनी कुठेतरी जपून ठेवला आणि आता तो सापडत नव्हता. जिवंत असा एक वेलच होता. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते तिथे जायचे आणि काल काय काय झालं ते वेलाला सांगायचे. काही झालेलं नसायचं, तेही सांगायचे.

त्यांनी मनाशी ठरवलं, पोती मुद्दाम सावकाश शिवायची. पण हात ऐकेनात. कच्ची शिवण त्यांना घालताच येत नव्हती. त्यांनी प्रत्येक पोत्याला दुहेरी टीप घातली, तोंडाशी नाडीचा नेफा केला, आणि एकाला तर आतून अस्तरही लावलं. मॅनेजरसाहेब पोतं उलटंसुलटं करून म्हणाले, "मास्तर, हे वाळूला घालायचं की मी घालून लग्नाला जाऊ?" भगदाडं भराभर बुजली. कामाला उशीर व्हावा म्हणून हातभार लावला आणि काम लवकर झालं, असा हा पायावर धोंडा.

एकच अडचण उरली, झडपेची. नदीच्या तोंडाशी लोखंडी झडप होती, ती वर उचलल्याशिवाय पाणी आत येत नव्हतं. ती फिरवून उचलायचा दांडा गायब होता. पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी लेखी कळवलं की झडप जुन्या काळची असल्याने कापता येणार नाही, तोडता येणार नाही, आणि नवा दांडा करायचा तर जुन्याचा नमुना जोडावा. जुना असता तर नवा कशाला लागला असता, हे विचारायला मॅनेजरसाहेब तीन वेळा खात्यात जाऊन आले. तिन्ही वेळा साहेब जेवायला गेले होते.

मास्तरांना हायसं वाटलं. मंडळींबरोबर त्यांनीही दांडा शोधला, अगदी मनापासून. चक्कीच्या माळ्यावर शोधला, गाळात शोधला. सापडणार नाही अशी वस्तू शोधण्यासारखं निर्धोक काम नाही. असं वाटत होतं, तोवर एका बैठकीत मॅनेजरसाहेबांनी कुठूनसा मिळवलेला जुना फोटो सगळ्यांना दाखवला. झडपेवर एक मिशाळ माणूस दांड्यावर रेलून उभा. दांडा त्याच्याच उंचीचा, वर आडवी मूठ, इंग्रजी टी अक्षरासारखा.

मास्तरांच्या हातातला चहा बशीत आला, बशीतला मांडीवर.

"भाजलं का हो?" नर्सबाई.

"नाही, नाही. गारच होता."

गार नव्हता. पण मास्तरांना कसलाच चटका कळत नव्हता. फोटोतला तो दांडा त्यांच्या मागच्या दाराबाहेर, वेलाच्या मधोमध, मातीत ठोकून उभा होता. बायकोला तो कालव्यात सापडला होता. "मांडवाला मधला खांब झाला बघा," म्हणत तिने ओढत आणला होता, आणि मास्तरांनीच तो हातोड्याने ठोकून दिला होता. म्हणजे चोरीत नाही म्हटलं तरी हात होताच.

"तो दांडा काठावरच्याच कुणाच्या तरी घरात असणार," मॅनेजरसाहेब म्हणाले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! येत्या सुट्टीला आपण कालव्यातून चालत प्रत्येक घराची मागची बाजू बघू. सरकारी मालमत्ता आहे, ठेवणाऱ्याला महागात पडेल."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मास्तरांच्या मनात नुसतं चांदणं नव्हतं, हवालदारही होता आणि त्याच्या हातात कंदील होता.

दांडा उपटून लपवावा म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी हलवून पाहिला. वेल अख्खा चरचरला. वर्षानुवर्षं त्याने दांड्याला विळखे घातले होते. दांडा ओढला तर वेल फाटणार. मग झाकायला हवा. पहिल्या दिवशी त्यांनी त्यावर चादर टाकली. संध्याकाळी भिंतीवरून नर्सबाईंचा आवाज आला, "मास्तर, चादर वाळली! घ्या आत, दव पडेल!" दुसऱ्या दिवशीही तेच. नर्सबाईंनी जन्मभर वॉर्डातल्या चादरी मोजलेल्या. त्यांच्यापुढे चादर टिकणार नव्हती.

तेव्हा मास्तरांना ती कल्पना सुचली. बुजगावणं! द्राक्षांचे घड नुकते धरत होते, पाखरं येतात, बुजगावणं करायचं. आडव्या मुठीचे हात आयतेच होते.

इथे दुसरा कोणी असता तर फाटका शर्ट अडकवून मोकळा झाला असता, आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण मास्तर टेलर होते. त्यांनी आपला जुना काळा कोट काढला आणि दांड्यावर चढवला. खांदा पडत होता. पडलेला खांदा त्यांना बघवेना. त्यांनी खांद्यात चिंध्या भरल्या, कंबरेत घेतला, बाही मनगटावर आणली. उशीच्या अभ्र्यात कातरणं भरून डोकं केलं, ते पानांत थोडं झुकवलं, वर आपली टोपी घातली, गळ्याला मफलर. मग चार पावलं मागे जाऊन बघितलं तर पाठमोरे ते स्वतःच तिथे उभे होते. आयुष्यात इतका अंगाबरोबर बसलेला कोट त्यांनी दुसरा शिवला नव्हता, आणि तो दाखवायची सोय नव्हती.

सुट्टीच्या दिवशी मंडळी कालव्यातून चालत आली. मास्तर स्वयंपाकघराच्या खिडकीआड, पडद्याची कड धरून.

"मास्तर!" मॅनेजरसाहेबांनी हाक मारली. "अहो मास्तर!"

बुजगावणं बोललं नाही.

मंडळी थबकली. कोणीतरी हळूच म्हणालं, "वहिनींचा वेल आहे तो." मॅनेजरसाहेबांनी टोपी काढली. सगळे पाय न वाजवता, चोरपावलांनी पुढे निघून गेले. चोर खिडकीत होता.

सुटलो, असं मास्तरांना वाटलं. ते आगीतून फुफाट्यात पडले होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. भाजी आणायला म्हणून त्यांनी पुढचं दार किलकिलं केलं, तर रस्त्यावर दूधवाला एका बाईला सांगत होता, "काल सकाळपासून उभे आहेत हो बागेत. पावसाची सर येऊन गेली, हलले नाहीत."

मास्तरांनी दार लावून घेतलं. आता बाहेर पडायचं कसं? गावाच्या हिशेबी ते मागे बागेत होते. बाहेर दिसले तर लोक विचारणार, मग बागेत कोण? आणि बघायला गेले की कोटाच्या आत काय, तेही बघणार. स्वतःच्या घरात माणूस लपून बसला, तोही स्वतःपासून!

घरातलं खाणं संपत आलं. नर्सबाई भिंतीवर झाकलेला वाडगा ठेवायच्या. तिन्हीसांजेला मास्तर रांगत जाऊन तो आणायचे, खायचे, आणि घासून जागेवर ठेवायचे. सवय वाईट. सकाळी नर्सबाई वाडगा उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "चला, जेवतात तरी!"

मग फोन आला. परगावी असलेली मुलगी.

"बाबा! नर्समावशी म्हणतात तुम्ही बागेत उभे आहात, हाक मारली तर ओ देत नाही!"

"मी घरात आहे गं."

"मग बागेत कोण आहे?"

मास्तरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, बागेत कोण आहे?"

"मीच आहे," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवला. भीतीने माणूस काय बोलेल नेम नाही. मुलीने पहिली गाडी पकडली.

तेवढ्यात खात्याचे साहेब उगवले. कालव्यातलं अतिक्रमण हटवायची नोटीस घेऊन. साहेबांनी सबंध नोकरीत कागदावरून नजर वर उचललेली नव्हती, ती आज तरी का उचलावी? कोटासमोर उभं राहून त्यांनी नोटीस वाचून दाखवली. "मान्य आहे?" म्हणून विचारलं, थोडं थांबले, आणि कागदावर लिहिलं. नोटीस कोटाच्या वरच्या खिशात खोचली आणि गेले. मास्तरांनी संध्याकाळी रांगत जाऊन वाचली. 'नोटीस समक्ष दिली. संबंधितांनी उद्धटपणे मौन पाळले.' जन्मभर कुणाला उलट उत्तर न दिलेल्या माणसाला उद्धट म्हणून सरकारदरबारी नोंद झाली, तीही न बोलल्याबद्दल.

पण खरं हादरवलं ते मॅनेजरसाहेबांनी. दुसऱ्या सकाळी ते एकटेच आले. काठावर, जरा लांबच बसले. खिडकीतून मास्तरांना एकेक शब्द ऐकू येत होता.

"मास्तर, वळू नका, ऐका नुसतं. आम्ही तुमचा विचारच केला नाही. पाणी, पाणी करत बसलो. मंडळींशी बोललोय मी. तुमच्या घराच्या अलीकडेच काम थांबवू. चक्कीचं चाक नाही फिरलं तर नाही फिरलं. माझी बायको गेली तेव्हा मी तर घरातली घड्याळं बंद करून ठेवली होती. बँकेचा मॅनेजर, आणि घरात वेळ नाही." ते हसले, मग नाक शिंकरलं. "तेवढं बसत चला हो अधूनमधून. पाय धरतील."

मास्तर खिडकीखाली बसले. आतापर्यंत त्यांना पकडले जाण्याची भीती होती. आता न पकडले जाण्याची वाटू लागली. ही माणसं इतक्या महिन्यांचं काम एका कोटासाठी पाण्यात, छे, पाण्याविना सोडणार होती. सांगावं तर वेल जातो. न सांगावं तर तिच्या वेलाखाली रोज सकाळी कोणत्या तोंडाने बसायचं?

ते उठले, बसले. पुन्हा उठले. असं किती वेळ चाललं असतं देव जाणे, पण नर्सबाईंचा धीर सुटला. मॅनेजरसाहेब उठून जाणार इतक्यात त्या साडी खोचून भिंतीवरून उतरल्या. "पुरे झालं! नाडी बघते मी," म्हणत सरळ जाऊन त्यांनी कोटाचं मनगट धरलं.

त्यांनी दोनदा जागा बदलून बोटं दाबली. मग, "नाडी लागत नाही हो!" त्यांनी बाही वर सरकवली. आत गार लोखंड. "ताठले!" अशी किंकाळी फोडून त्या मागे सरकल्या, आणि त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडून मास्तर बाहेर आले, बनियनवर, हातात नर्सबाईंचाच वाडगा.

नर्सबाईंनी कोटातल्या मास्तरांकडे बघितलं, बनियनमधल्या मास्तरांकडे बघितलं, आणि चिखलात खाली बसल्या. नेमक्या त्याच क्षणी पुढचं दार आपल्या किल्लीने उघडून मुलगी बॅग घेऊन घरातून धावत आली आणि "बाबा!" म्हणून कोणाला मिठी मारावी ते न कळून मधेच थांबली.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तोंडाने सांगता येईना, म्हणून त्यांनी हाताने सांगितलं. टोपी काढली. डोकं काढलं. कोटाचं एकेक बटण सोडलं, कोट नीट घडी करून हातावर घेतला. वेलाच्या विळख्यात दांडा उघडा पडला.

"हा इथे होता," ते म्हणाले. "तिने आणला, मी ठोकला. फोटो बघितला तेव्हापासून मला ठाऊक आहे. काढला तर वेल तुटेल म्हणून बोललो नाही. कुणाला बोलवायचं ते बोलवा. कोट आत ठेवून येतो."

मॅनेजरसाहेबांनी दांड्याकडे बघितलं. मग मास्तरांकडे. "म्हणजे मघाशी मी जे बोललो, ते..."

"ऐकलं सगळं. खिडकीतून."

"घड्याळांचंसुद्धा?"

"तेही."

मॅनेजरसाहेब लाल झाले. आता ओरडणार, म्हणून मास्तरांनी डोळे मिटले. "खांदा काय बसलाय हो त्या कोटाचा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "मला एक शिवून द्याल?"

पुढचं मंडळींनी ठरवलं. घड पिकेपर्यंत थांबायचं, मग वेल मुळासकट वर काठावर न्यायचा. काठावर मास्तरांच्याच पोत्यांचा वाफा रचला. वेल दांड्यावरून सोडवायचं काम मात्र मास्तरांनी कुणाला करू दिलं नाही. शिवण उसवतात तसा, बारीक पातं घेऊन, एकेक विळखा त्यांनी उसवला. एक जाड फांदी कडकन मोडली, तेव्हा ते तसेच बसून राहिले, आणि मुलीने त्यांच्या हातातलं पातं काढून घेऊन नुसतं धरून ठेवलं. मग त्यांनी ते परत मागितलं. काठावर नेलेल्या वेलाने दोन दिवसांत माना टाकल्या. जगेल का, विचारल्यावर कोणी धड उत्तर देईना. 'जगेल' म्हटल्यासारख्या आवाजात सगळे "बघू" म्हणाले.

दांडा फिरवायचा मान मास्तरांना दिला. त्यांना तो नको होता. झडप उघडली आणि घरात पाणी शिरलं तर? काठ फुटला तर? पोत्यांची शिवण उसवली तर? शेवटची शंका त्यांची त्यांनाच अपमानकारक वाटली, आणि त्या रागात त्यांनी दांडा फिरवला. हलला नाही. चौघे लागले. करकर करत झडप उचलली गेली, आणि गढूळ पाणी एक चप्पल आणि एक फुटका चेंडू पुढे ढकलत, घाबरत घाबरत आल्यासारखं, कालव्यातून निघालं. चक्कीचं चाक अर्धं फिरलं आणि अडकलं. त्या अर्ध्या फेरीला लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की खात्याच्या साहेबांनी कागदावरून नजर वर उचलली.

मग सगळे मास्तरांच्या मागच्या दाराशी जमले आणि मुलीने द्राक्षांची परात आणली. "आईच्या वेलाची आहेत," म्हणत तिने सगळ्यांना वाटली.

मास्तर बघत होते. मॅनेजरसाहेबांनी एक तोंडात टाकलं. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. "वा," ते म्हणाले. "गोड आहेत." दूधवाल्याचे कान हलले. "साखर," तो म्हणाला. सगळेच "गोड, गोड" म्हणत होते आणि घोटाघोटाने पाणी पीत होते. मास्तरांना ते तोंड ओळखीचं होतं. दरवर्षी पहिला घड ती पुढे करायची, "कशी आहेत हो?" विचारायची, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून ते हेच तोंड करून "साखर! आणखी दे," म्हणायचे.

नर्सबाईंनी दाणा चावला आणि थू करून पाण्यात टाकला.

"आंबटढाण आहेत!"

"अहो बाई..." मॅनेजरसाहेब दबक्या आवाजात.

"अहो काय? तिच्या तोंडावर सांगायचे मी दरवर्षी. उपट म्हटलं तो वेल, दुसरं काहीतरी लाव. तर म्हणायची, मलाही तोंडात धरवत नाहीत गं. पण ह्यांना इतकी आवडतात, मागून मागून खातात. मग कसा उपटू?"

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. पाणी वाफ्याच्या पोत्यांना घासून चाललं होतं, आणि वर वेलाची उरलेली पानं खाली मान घालून होती.

"बाबा," मुलीने हळूच विचारलं, "तुम्हाला खरंच आवडतात?"

मास्तरांनी परातीतून एक उचललं, चावलं. खांदे कानांपर्यंत आले, डोळ्यांत पाणी आलं, ते द्राक्षाचं की कशाचं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अजिबात नाही," ते म्हणाले. "कधीच नाही."

कोणी हसावं की नाही, कळेना. शेवटी मॅनेजरसाहेबांनी घसा खाकरला. त्यांनी स्वतः त्या वेलासाठी कितीतरी पोती वाहिली होती, पाठ अजून दुखत होती. "मग मास्तर, आता ह्या वेलाचं काय करायचं?"

मास्तरांनी भिंतीवरचा नर्सबाईंचा वाडगा घेतला, कालव्यात वाकून भरला.

"पाणी घालायचं," ते म्हणाले.